बयाणा

अकरा हजारांची पावती चक्कीच्या गल्ल्यात आहे.
पिठाच्या हातानं ठेवली, म्हणून
एका कोपऱ्यावर माझा अंगठा पांढरा उमटलाय.
रविवारपर्यंत पुढचे द्या, नाहीतर प्लॉट दुसऱ्याला,
असं एजंट म्हणाला. नम्रपणे म्हणाला.
त्याचे बूट फार स्वच्छ होते.

बुटीबोरीच्या अलीकडं, हायवेपासून आत,
चुन्याच्या रेघा मारलेलं एक वावर.
लेआउट म्हणतात त्याला.
इथं गार्डन, इथं शाळा, इथं मंदिर,
तो हवेत बोट फिरवत गेला
आणि आम्ही तिघं त्या बोटामागं माना वळवत गेलो.
तुरीचे खुंट अजून तसेच होते जमिनीत.
प्राजूच्या सँडलमधून एक टोचला.

"चक्की कुठी आहे इथं?" मी विचारलं.
ताई, पाकिटं मिळतात की, तो म्हणाला.
देविदास हसला. माझ्याकडं पाहून नाही.

धामणखेड्यात एकशे चाळीस घरं.
मला त्यांची मनं ठाऊक नाहीत, डबे ठाऊक आहेत.
टेकामांच्या ज्वारीत खडे,
भोयरांकडं पाहुणे आले की गहू दुप्पट,
आणि वच्छला मावशीचा नवरा गेला तेव्हापासून
तिचं दळण अर्ध्यावर आलं; डबा मात्र
ती तोच मोठा आणते. तळाशी दाणे वाजतात.
मी काही बोलत नाही.
आधीच्या दळणाचं अडकलेलं पीठ
कपड्यातून झटकते, तिच्या डब्यात.
याला चोरी म्हणतात का?
लेआउटात ही चोरी कुणासाठी करू?

पण मग देविदास.
जाताना अठ्ठावन्न किलोमीटर, येताना अठ्ठावन्न,
धाग्याच्या कारखान्यातली सेकंड शिफ्ट
सुटते अकराला.
मागच्या कार्तिकात रोही आडवा आला.
रोही उठून गेला. देविदास
दीड तास पडून होता पऱ्हाटीच्या धुऱ्यावर,
फोनला रेंज नव्हती.
खांद्यात सळई आहे, थंडीत दुखते.
तो सांगत नाही. शर्ट घालताना मला दिसतं.

प्राजूला विचारलं तर म्हणते,
"मले काही फरक नाई पडत, आई."
पण वहीच्या मागच्या पानावर
तिनं घराचा नकाशा काढून ठेवलाय,
स्वतःच्या खोलीला दोन खिडक्या दिल्यात.
जिन्याखाली एक चौकोन खोडलेला,
पुन्हा काढलेला, पुन्हा खोडलेला.
चक्की बसते का ते पाहिलं असावं.

सासरे म्हणतात, जा बाप्पा, मी कायले अडवू,
आणि दारातच आडवी खाट टाकून झोपतात.

आज दुपारी वच्छला मावशी आली.
"पट्टा बदलला का वं? आवाज येगळा येऊन रायला."
"जुनाच हाये. ताणला फक्त."
"उडदाचं पीठ पाहिजे होतं, पापडाचं.
पोरीकडं धाडाचे हायेत. घाई नाई."
"सोमवारी आणजा," मी म्हटलं.
म्हणून गेले, आणि मग लक्षात आलं,
सोमवार रविवारच्या पलीकडं असतो.
शब्द परत घ्यावा, तर तिनं
बोटांवर दिवस मोजलेसुद्धा.

आता सव्वाबारा.
चक्की बंद, दगड अजून कोमट.
नाल्यापलीकडच्या वळणावर एखादा उजेड येतो,
मी पाहते आणि सोडून देते.
त्याचा मला ओळखू येतो:
रोह्याला धडकल्यापासून हेडलाइट
जरा डावीकडं पाहतो,
रस्ता सोडून वावरात,
तिकडून कुणी निघालंय का ते बघत.

गल्ला उघडला. पावती आहे.
अंगठा पुसून पाहिला, तर
पसरला.
ओट्यावर येऊन बसते.
साडेबारा.